कामाला आणि घरी वापरायला एकच लॅपटॉप: पातळ, गेमिंग, मॅकबुक की वापरलेला बिझनेसवाला?

मावसभावाने परवा तीन लिंका पाठवल्या आणि खाली एकच ओळ, "ताई, यातला कुठला घेऊ?" तीनही साधारण एकाच बजेटमधले. एक १४ इंची पातळ विंडोजवाला, एक १५.६ इंची गेमिंग आणि एक मॅकबुक एअर. त्याला फोनवर तासभर जे सांगितलं तेच इथे टाकतेय, आणि चौथा पर्याय मीच मध्ये घुसडला, तो म्हणजे कंपन्यांमधून निघालेला, तपासून-दुरुस्त करून विकलेला (रिफर्बिश्ड) बिझनेस लॅपटॉप, कारण वापरलेला म्हटलं की लोक उगाच नाक मुरडतात.

आधी माझा पूर्वग्रह सांगून टाकते म्हणजे पुढचं त्या हिशोबाने वाचाल. मागचा लॅपटॉप मी गेमिंगवाला घेतला होता. म्हटलं त्याच पैशात प्रोसेसर तगडा मिळतोय, ग्राफिक्स कार्ड वेगळं मिळतंय, मग ऑफिसचं काम तर त्याच्या डाव्या हाताचा मळ. काम व्हायचं पण, त्यात खोटं नाही. फक्त मीटिंगमध्ये कॅमेरा चालू, स्क्रीन शेअर चालू आणि मी अनम्यूट केलं की समोरून कुणीतरी हमखास विचारणार, "कुणाकडे मिक्सर चालू आहे का?" चार्जर म्हणजे अक्षरशः वीट, आणि तो घरी ठेवून जायची सोय नाही कारण बॅटरी अडीच तासांत मान टाकायची. गेम पहिले दोन महिने खेळले, नंतर त्या ग्राफिक्स कार्डाने माझ्यासोबत यूट्यूबच बघितलं.

म्हणून म्हणते, रविवारच्या दोन तासांसाठी लॅपटॉप घेऊ नका, सोमवारच्या नऊ तासांसाठी घ्या. व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी, किंवा खरोखर रोज गेमिंग असेल तर गोष्ट वेगळी, मग एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०५० वगैरे ग्राफिक्स कार्ड असलेलं मशीन घ्याच. पण तिथेही एक मेख आहे. एकाच नावाचं कार्ड वेगवेगळ्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या वॉटवर चालवतात, ४०५० तर ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कुठेही असू शकतं, त्यामुळे नुसतं नाव बघून उड्या मारू नका, टीजीपी, म्हणजे कार्डाला किती वॉट मिळतात, ते शोधा.

वजन, बॅटरी, चार्जर

पातळ विंडोजवाला साधारण १.३ ते १.५ किलो, मॅकबुक एअर १३ इंची १.२४ किलो (ॲपलच्या जुन्या एम१ चिपचा असेल तर १.२९), रिफर्बिश्ड बिझनेसवाले दीड किलोच्या आसपास, आणि गेमिंग सव्वादोन-अडीच किलो, वर विटेचा अर्धा किलो वेगळा. लॅपटॉप टेबलावरून हलणारच नसेल तर हे सगळं सोडून द्या, पण रोज बॅगेत जाणार असेल तर हाच आकडा पहिला बघा.

बॅटरीचं "१० तास चालते" हे वाक्य वाचूच नका, वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत वीज किती मावते ते बघा. ४२ वॉट-अवर म्हणजे जेमतेम, ५५-६० म्हणजे ठीक, ७० च्या पुढे असेल तर उत्तम. एअरची गंमत अशी की त्याची बॅटरी पन्नास-बावन्न वॉट-अवरचीच आहे, पण चिप इतकं कमी खाते की दिवस निघतो, आणि पंखाच नसल्याने आवाज शून्य. इथे विंडोजवाल्यांना हार मानावीच लागते.

आणि टाइप-सी पोर्ट आहे म्हणजे त्याने चार्जिंग होतंच असं नाही, स्वस्तातल्या बऱ्याच मॉडेल्समध्ये तो फक्त डेटासाठी असतो. होत असेल तर ६५ वॉटच्या एका चार्जरवर फोन आणि लॅपटॉप दोन्ही भागतात, ही सुख देणारी गोष्ट आहे, एकदा सवय लागली की परत गोल पिनच्या चार्जरकडे जाववत नाही.

स्क्रीन

लोक इथेच सगळ्यात जास्त फसतात कारण जाहिरातीत "फुल एचडी आयपीएस" एवढंच लिहितात. खाली बारीक अक्षरात "४५ टक्के एनटीएससी" (किती रंग दिसतात त्याचं माप) आणि "२५० निट्स" (उजेडाचं माप) असेल तर समजा पॅनेल सगळ्यात स्वस्तातलं टाकलंय. ४५ टक्के एनटीएससी म्हणजे एसआरजीबी या नेहमीच्या रंगमापाचे साठ-पासष्ट टक्केच रंग, लाल रंग विटकरी दिसतो, फोनवर काढलेला फोटो लॅपटॉपवर आजारी दिसतो. २५० निट्स म्हणजे खिडकीपाशी बसलं की स्वतःचा चेहरा बघत काम करायचं. किमान ३०० निट्स आणि १०० टक्के एसआरजीबी, याच्या खाली मी तरी जाणार नाही. गेमिंगवाल्यांत १४४ हर्ट्झ (स्क्रीन सेकंदाला किती वेळा ताजी होते ते) मोठ्या अक्षरात लिहून बाकी पॅनेल रद्दी देतात, माझ्या त्या लॅपटॉपचं तेच होतं. एअर इथेही पुढे, एम२ चिपपासून ५०० निट्स आहे. रिफर्बिश्डमध्ये मात्र स्क्रीन हाच कच्चा दुवा, जुन्या बिझनेस मॉडेल्सना बरेचदा साधं मिणमिणतं पॅनेल असतं, तेव्हा चालू करून बघितल्याशिवाय घेऊ नका.

अजून एक, १९२० बाय १०८० ऐवजी १९२० बाय १२०० मिळत असेल तर डोळे झाकून तो घ्या. १२० पिक्सेल ऐकायला काहीच नाहीत पण एक्सेलमध्ये चार-पाच ओळी जास्त दिसतात आणि दिवसभर स्क्रोल करणाऱ्याला त्याची किंमत कळते. ओएलईडी बघायला सुंदर, पण काही जणांचे डोळे त्याच्या लुकलुकण्याने दुखतात आणि टास्कबार वर्षानुवर्षं एकाच जागी राहिला तर डाग पडायची शक्यता असते, ऑफिसच्या कामाला मी आयपीएसच सुचवेन.

रॅम, आणि ती नंतर वाढते का

८ जीबीचा लॅपटॉप आता घेऊ नका. विंडोज ११, क्रोमचे वीसेक टॅब, टीम्स आणि एक जडशी एक्सेल फाइल उघडून टास्क मॅनेजर बघा, ८५-९० टक्के भरलेली दिसेल, त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर ग्राफिक्ससुद्धा त्याच ८ मधून आपला वाटा उचलतं. १६ हवीच.

पण खरा प्रश्न आहे सोल्डर्ड की स्लॉट. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बरेचदा बोर्डालाच चिकटवलेली असते, मग घेताना जेवढी तेवढीच शेवटपर्यंत. मॅकबुकमध्ये तर रॅम काय आणि स्टोरेज काय, दोन्ही कायमचं. बरं झालं ॲपलने ऑक्टोबर २०२४ पासून एअरला किमान १६ जीबी द्यायला सुरुवात केली, पण सेलमध्ये जुने ८ जीबीवाले दिसतात, ते कितीही स्वस्त वाटले तरी पाच वर्षं वापरायचं असेल तर सोडा. गेमिंगवाल्याची मात्र इथे बाजू घ्यावी लागेल, बहुतेकांत रॅमचे दोन स्लॉट आणि बऱ्याच जणांत एसएसडीसाठी दुसरी जागाही असते. बिझनेसवाल्यांत डेलच्या लॅटिट्यूड ५४२० ला दोन स्लॉट, लेनोवोच्या थिंकपॅड टी१४ ला थोडी रॅम सोल्डर्ड आणि एक स्लॉट.

अजून एक बारकावा जो दुकानात कोणी सांगत नाही. एकच ८ ची पट्टी असेल तर मेमरी सिंगल चॅनेलवर (एकाच वाटेने) चालते आणि इनबिल्ट ग्राफिक्सची हवा जाते, इंटेलचं आयरिस एक्सई तर तेव्हा सिस्टिममध्ये सरळ हलकं यूएचडी म्हणूनच दिसतं. दोन पट्ट्या टाकल्या की परत आयरिस. माझ्या मैत्रिणीच्या लॅपटॉपमध्ये दुसरी पट्टी टाकली तेव्हा ती म्हणाली दुसराच लॅपटॉप वाटतोय.

स्टोरेजबद्दल फार काही नाही, ५१२ जीबीची एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) घ्या, विंडोजमध्ये ती ४७६ च्या आसपास दिसेल, तुमचं कोणी काही चोरलेलं नाही.

प्रोसेसरच्या नावांची फसवाफसवी

"आय५ आहे ना, मग झालं" असं होत नाही. आय५-१२३५यू ला १० कोर (चिपमधले काम करणारे भाग) आणि आय५-१२४५०एच ला ८, म्हणजे पहिला भारी वाटेल, पण १० पैकी मोठे कोर दोनच आणि ८ पैकी मोठे चार. शेवटचं अक्षर बघायचं, यू म्हणजे १५ वॉटचा, थंड आणि बॅटरी जपणारा, एच म्हणजे ४५ वॉटचा, जोरकस आणि तापट. ऑफिस, ब्राउझर, मीटिंग यासाठी यू पुरतो. दिवसभर कोड कंपाइल करत असाल किंवा व्हिडिओ रेंडर करत असाल तर एच.

एएमडीचं तर कोडंच आहे. रायझनच्या ७००० मालिकेत पहिला आकडा वर्षाचा आणि तिसरा आकडा आतलं आर्किटेक्चर (चिपची रचना, झेन २, झेन ३ वगैरे) कुठलं त्याचा. त्यामुळे रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू यात दहाचाच फरक दिसतो, पण पहिल्यात झेन २ चे चार कोर, दुसऱ्यात झेन ३ चे सहा. पहिला आला की रॅमही सोल्डर्डच येते. भावाने पाठवलेल्या पातळ लॅपटॉपमध्ये नेमका ७५२०यू होता, वरून ८ जीबी, म्हणजे दोन्ही चुका एकाच डब्यात!

सॉफ्टवेअर: मॅक आवडला तरी इथे थांबा

एअरबद्दल इतकं चांगलं बोलले म्हणून लगेच घेऊ नका. ऑफिसची कामं कुठल्या सॉफ्टवेअरवर आहेत ते आधी बघा. मॅकवरच्या एक्सेलमध्ये पॉवर पिव्हट (मोठा डेटा जोडून तपासायची सोय) नाही, मायक्रोसॉफ्टचं डेटाबेसवालं ॲक्सेस तर मॅकवर येतच नाही, विंडोजचं ॲक्टिव्हएक्स वापरणारे जुने मॅक्रो (फाइलमधली कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्राम) चालत नाहीत. अकाउंटिंगची बरीच सॉफ्टवेअर्स फक्त विंडोजवर. दोन मोठे मॉनिटर लावत असाल तर एम१ आणि एम२ एअर अधिकृतपणे एकच बाहेरचा डिस्प्ले चालवतात, एम३ ला दोन पण झाकण बंद करून, एम४ ला झाकण उघडं ठेवून दोन. ब्राउझर, डिझाइन, कोडिंग, लिखाण एवढंच असेल तर मात्र मॅकला तोड नाही.

स्नॅपड्रॅगन एक्स चिपवाले विंडोज लॅपटॉप २०२४ पासून आलेत, बॅटरी मस्त, पण चिप एआरएम, म्हणजे इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या रचनेची असल्याने जुने प्रिंटर, ऑफिसचं व्हीपीएन, काही ऑनलाइन गेम्स यांचं घोडं अडतं. आयटीवाल्यांना विचारल्याशिवाय नको. आणि विचारताय तर हेही विचारा की विंडोज होम चालेल का प्रो लागेल, कारण ऑफिसच्या डोमेनला (कंपनीच्या नेटवर्कवरच्या खात्यांना) जोडायचा असेल किंवा बाहेरून रिमोट डेस्कटॉपने त्यात शिरायचं असेल तर होमवर जमत नाही.

वापरलेला घ्यायचा तर

थिंकपॅड टी१४ जेन २, लॅटिट्यूड ५४२०, एचपीचा एलिटबुक ८४० जी८ हे तिन्ही अकराव्या पिढीच्या इंटेलवर मिळतात. कीबोर्ड तर असे की नवीन मिड-बजेटवाले त्यापुढे खेळणी वाटतात, आणि सुटे भाग सहज मिळतात. इंटेल आठव्या पिढीच्या खालचं काही घेऊ नका, विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

घेताना दोन गोष्टी समोर करून घ्या. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट असं टाइप करा, एक रिपोर्टची फाइल तयार होते, त्यात डिझाइन कपॅसिटी (नवीन असतानाची) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आत्ताची) दिसतात. मी एक बघितला होता, बाहेरून नवाकोरा, रिपोर्टमध्ये ६३ वॉट-अवरची बॅटरी ३४ वर आलेली, म्हणजे नवीन बॅटरीचा खर्च किमतीत धरूनच घासाघीस करायची. दुसरं, विंडोज रीसेट करून इंटरनेट जोडून सुरू करा. "अमुक कंपनीत स्वागत आहे" अशी पाटी आली तर लॅपटॉप अजून जुन्या कंपनीच्या यादीत आहे, तिथूनच परत फिरा. बायॉसला (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या सेटिंग्जना) पासवर्ड असेल तरी तेच.

मग भावाला काय सांगितलं

त्याचं काम म्हणजे एक्सेल, मीटिंग, ऑफिसचं व्हीपीएन, आठवड्यात तीन दिवस प्रवास, आणि घरी सिनेमे, फोटो. गेम फोनवरच खेळतो. गेमिंगवाला कटाप. एअर त्याला मनापासून हवा होता पण मॅक्रो आडवे आले. पातळवाला बरोबर होता, मॉडेल चुकीचं होतं. त्याच बजेटमध्ये रायझन ५ ७५३०यू, १६ जीबी, ३०० निट्स आणि टाइप-सी चार्जिंगवाला शोधायला लावला, तो नाही मिळाला तर टी१४. बजेट याहून कमी असतं तर मी सरळ टी१४ च पहिला सांगितला असता.

त्याला मिळाला. आता बदलून मिळायची मुदत संपायच्या आत बॅटरी रिपोर्ट काढ, पूर्ण पांढरं आणि पूर्ण काळं चित्र लावून मेलेले पिक्सेल बघ, प्रत्येक पोर्टात काहीतरी खुपस आणि एक तासाची खरी मीटिंग त्यावर करून बघ, असं बजावलंय. काल रात्री त्याचा मेसेज आला, डावीकडचा यूएसबी पोर्ट पेनड्राइव्ह ओळखत नाहीये, बदलायला टाकलाय.