बेसमेंटचं कार्पेट ‘वाळवून’ देणाऱ्यांपासून सावध

१ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाच्या पावसानं न्यू जर्सीला झोडपलं. नेवार्कला एका दिवसात ८ इंचांहून जास्त पाऊस झाला, बेसमेंटं भरली आणि दुसऱ्या दिवसापासून गल्ल्यांमधून ‘पाणी काढून देतो’वाल्या व्हॅन फिरू लागल्या. एडिसनकडच्या एका मराठी कुटुंबाला त्यातल्या एकानं कसं गंडवलं ते नावं न घेता सांगतो. मोठा पाऊस झाला की हाच प्रकार पुन्हा होतो.

‘तपासणी फुकट, आत यायला फक्त एक सही लागेल,’ असं म्हणून दारातच टॅबलेट पुढे केला गेला. त्या एका सहीत कामाचं कंत्राट होतं आणि इन्शुरन्सचे पैसे परस्पर कंपनीला देण्याचा हक्कही होता. पाणी उपसलं, चार पंखे आणि हवेतला दमटपणा ओढून घेणारा एक डीह्युमिडिफायर लावला, कार्पेटवर सुगंधी औषध मारलं. पाचव्या दिवशी ओल मोजायचं मीटर टेकवून ‘ड्राय’ दाखवलं आणि मंडळी गेली. बिलात पंखे नऊ लागले होते, कार्पेटखालचं जुनं पॅड काढून नवं टाकल्याची वेगळी ओळही होती.

काही दिवसांत कुबट वास सुटला. कोपऱ्यातलं कार्पेट पकडीनं वर ओढलं तर पॅड जुनंच, काँक्रीटला चिकटलेलं, खालून काळपट. भिंतीकडेच्या टॅक स्ट्रिपचे, म्हणजे कार्पेट ताणून अडकवायच्या लाकडी पट्टीचे, खिळे गंजलेले, लाकूड फुगलेलं. कार्पेटची मागची जाळी हातात सुटून आली आणि ती चिकटवणाऱ्या लॅटेक्सचा पांढरा भुगा खाली पडला. जाळी अशी सुटली की ते कार्पेट पुन्हा ताणून बसवता येत नाही.

सगळी मेख या पॅडमध्ये आहे. पॅड म्हणजे फोमचे तुकडे दाबून केलेली गादी, ती पाणी शोषून धरून ठेवते. वरून पंखा मारला की धागे लवकर कोरडे होतात, पॅड ओलंच राहतं, आणि २४ ते ४८ तासांत बुरशी धरू लागते. मीटरच्या आखूड पिना नुसत्या धाग्यांना लागल्या तर आकडा कोरडाच येणार. लांब पिना पॅडपर्यंत गेल्या पाहिजेत, आणि तोच मीटर घरातल्या न भिजलेल्या खोलीतही लावून दाखवायला सांगा. दोन आकडे जवळपास आले तरच वाळलं म्हणायचं. मीटर टॅक स्ट्रिपच्या खिळ्यांपाशी लावू देऊ नका, तिथे धातूमुळे आकडा भलताच येतो.

मुळात हे कार्पेट वाळवायचंच नव्हतं. नळाचा पाइप फुटला, पाणी स्वच्छ आहे आणि दिवसभरात काम सुरू झालं, तर कार्पेट वाचतं. पॅड मात्र बहुधा बदलावंच लागतं आणि त्याचा खर्च तुलनेनं कमी असतो. वॉशिंग मशीनचं सांडपाणी असेल तर पॅड फेकायचं आणि कार्पेट उचलून, धुऊन, जंतुनाशक मारून मग वाळवायचं. रस्त्यावरून आलेलं किंवा गटारातून उलटलेलं पाणी असेल तर दोन्ही कापून, गुंडाळून, पिशव्यांत भरून बाहेर. तिथे आधी पंखे लावणं म्हणजे घाण घरभर उडवणं. स्वच्छ पाणीही साचून राहिलं की घाण पाण्यात मोडतं, त्यामुळे ‘पाणी तर स्वच्छ दिसतंय’ या बोलण्याला अर्थ नाही.

इन्शुरन्सवरही हे लोक खेळतात. ‘पाइप फुटला म्हणून सांगा, क्लेम पास होतो,’ असा सल्ला मिळाला तर त्या माणसाला बाहेरची वाट दाखवा, कारण खोट्या क्लेमवर सही तुमची असते. साध्या घरविम्यात पुराचं पाणी बसत नाही. सम्प पंप (बेसमेंटच्या खड्ड्यात जमलेलं पाणी बाहेर टाकणारा पंप) बंद पडून किंवा ड्रेन उलटून आलेल्या पाण्यासाठी वेगळं कलम घ्यावं लागतं. आणि सरकारी फ्लड इन्शुरन्स असला तरी त्यात बेसमेंटचं कार्पेट नसतंच. हे बऱ्याच जणांना क्लेम करतानाच कळतं.

पाणी शिरलं की आधी बेसमेंटचा ब्रेकर बंद. ब्रेकरपर्यंत पाण्यातून जावं लागत असेल तर जाऊ नका, वीज कंपनीला फोन करा. मग भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे, टेपपट्टी धरून, फोटो घ्या. कार्पेट फेकण्याआधी कार्पेट आणि पॅडचा फूटभर तुकडा कापून ठेवा, अॅडजस्टरला, म्हणजे इन्शुरन्सकडून नुकसान तपासायला येणाऱ्याला, दाखवायला लागतो. खोलीची लांबी-रुंदी स्वतः मोजा, कारण चौरस फूट वाढवणं ही सर्वांत सोपी चोरी. मशिनं रोजच्या भाड्यावर असतात, तेव्हा ती आली त्या दिवशी आणि गेली त्या दिवशी प्रत्येकाच्या सिरियल नंबरचा फोटो काढा. रोजच्या तापमानाची, दमटपणाची आणि ओलीच्या आकड्यांची नोंद मागा. डीह्युमिडिफायर चालू आणि खिडक्या उघड्या असतील तर बाहेरची दमट हवाच वाळवली जाते आणि दिवस वाढतात. जुनं पॅड तुमच्यासमोर बाहेर जाताना बघा.

सही झालीच असेल तरी लगेच हात टेकू नका. न्यू जर्सीत भिंतीपासून भिंतीपर्यंतच्या कार्पेटचं काम घरदुरुस्तीत मोडतं. ५०० डॉलरच्या वरच्या अशा कामाचं कंत्राट लेखी लागतं, त्यावर १३व्हीएच (13VH) पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा, आणि प्रत हातात आल्यापासून कामकाजाच्या तिसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत ते रद्द करता येतं. फोनवर सांगून भागवू नका. पत्र सर्टिफाइड मेलनं पाठवा आणि पावती जपून ठेवा.