फोल्डस्कोप: उत्तर न सांगणारा कागदी मायक्रोस्कोप

आधीच सांगतो, पोरांचे मार्क वाढतील म्हणून कोणी फोल्डस्कोप घेणार असेल तर घेऊ नका. परीक्षेत त्यातलं काहीच विचारत नाहीत. आमच्या आईने पहिल्याच दिवशी पोरीला विचारलं, "गो बाय, हें परिक्षेक येतलें काय?" आणि नाही म्हटल्यावर ती परत सीरियल बघायला लागली. तरीपण माझ्या मते घरात आणलेल्या शैक्षणिक वगैरे वस्तूंमध्ये, म्हणजे ते चार्ट, ती बोलणारी पुस्तकं, मोबाईलवरची ती महागडी अॅपं, या सगळ्यांत पैसे वसूल झालेली ही एकच वस्तू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फोल्डस्कोप म्हणजे कागदाच्या घड्या घालून बनवायचा मायक्रोस्कोप. आयआयटी कानपूरला शिकलेले आणि आता स्टॅनफर्डला प्राध्यापक असलेले मनू प्रकाश आणि त्यांचे विद्यार्थी जिम सिबुल्स्की यांनी तो बनवला, २०१४ साली त्यांचा पेपर आला आणि त्यात सुट्या भागांचा खर्च १ डॉलरच्या आत दाखवला होता. आपल्या हातात येईपर्यंत पेटी, स्लाइड, कुरिअर सगळं धरून किंमत अर्थात जास्त होते, त्यामुळे एक डॉलर ऐकून हुरळून जाऊ नका. आत एक बारीक काचेचा मणी असतो, तीच लेन्स, आणि नेहमीच्या मॉडेलला साधारण १४० पट मोठं दिसतं. कागद साधा नाही, न फाटणारा आणि पाण्याला न घाबरणारा, त्यामुळे आपल्या पावसात टिकतो. सतराव्या शतकात डेल्फ्टमधला कापडाचा व्यापारी लेव्हेनहुक असाच एकाच भिंगाचा मायक्रोस्कोप डोळ्याला लावून बघायचा, कल्पना तीच आहे.

आम्ही घेतला तो जोडायचा होता. पोरगी सातवीत, तिने एकटीने जोडला, मी फक्त शेजारी बसून चहा प्यायलो. हे मुद्दाम सांगतोय कारण "सूक्ष्मदर्शकाचे भाग लिहा" या प्रश्नाला तिला पूर्ण मार्क मिळाले होते आणि तोपर्यंत तिने सूक्ष्मदर्शकाला हातही लावलेला नव्हता. स्वतः घड्या घातल्यावर तिला कळलं की फोकस म्हणजे लेन्स आणि स्लाइडमधलं अंतर, बाकी काही नाही, अंगठ्याने कागद जरासा ओढला की चित्र स्पष्ट आणि ढकलला की गायब.

सगळ्यात आधी अर्थातच कांदा. वहीत तिची कांद्याच्या पेशींची आकृती एकदम झकास होती, पेन्सिलने शेडिंग, बाण, नावं सगळं. खरा कांद्याचा पापुद्रा लावला तर म्हणते, "बाबा, हे चुकलंय, यात केंद्रक नाहीच." मला सांगायचा मोह झाला पण गप्प बसलो. पुस्तक काढून आणलं, त्यात रंग द्यायला लिहिलेलं सापडलं, मग आयोडीनचा थेंब टाकून परत बघितलं तेव्हा प्रत्येक पेशीत एकेक ठिपका उठून दिसायला लागला. रंग का द्यायचा ही ओळ वहीत होतीच, पण ती नुसती ओळ होती.

मजा मात्र मिठाला आली. आमच्या गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातलं गावठी मीठ घरात असतंच, ते पाण्यात भरपूर विरघळवून एक थेंब स्लाइडवर ठेवायचा आणि सुकताना बघत राहायचं, थेंबाच्या कडेला चौकोनी चौकोनी खडे समोर वाढतात, खरंच समोर, सिनेमा बघितल्यासारखे. हे उन्हाळ्यात. पावसाळ्यात मैत्रिणीला दाखवायला बसली तर थेंब सुकेचना! अर्धा दिवस तसाच. दोघींनी फॅन लावून बघितला, नवीन थेंब घेऊन बघितला, पाणी बदललं. शेवटी मैत्रीण म्हणाली की आमच्या घरी बरणीतलं मीठ पण जूनपासून ओलं असतं, आणि तिथून त्यांची गाडी सुटली, की हवेतच एवढं पाणी असेल तर थेंबातलं पाणी जाणार कुठे. बरोबर होतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ सुकायचं सोडून उलट हवेतलं पाणी ओढतं, आणि गोव्याच्या पावसात ती बहुतेक वेळ त्याच्यावरच असते. मिठागरं उन्हाळ्यातच का चालतात हा प्रश्न मग मला विचारावाच लागला नाही, तिनेच सांगितलं.

आता माशाचं. आमच्याकडे शेवटे नावाचे मासे आले होते, मोठा खवला, स्वच्छ धुऊन लावला. त्यावर एकात एक बारीक रेघा असतात. तिला कुठूनतरी माहीत होतं की खवल्यावरच्या रेघांवरून माशाचं वय कळतं, झाडासारखं. मोजायला लागली आणि मग थांबून म्हणते, "बाबा, या शेवट्याला काय पन्नास वर्षं झाली?" 😀 हा प्रश्न कुठल्याही गाईडमध्ये नाही बघा. पाठ केलेली गोष्ट डोळ्यासमोरच्या गोष्टीशी जुळत नाही हे तिचं तिला कळलं. बारीक रेघ म्हणजे वर्ष नव्हे, वर्षात अशा बऱ्याच रेघा पडतात, वाढ मंदावते तेव्हा त्या दाटीने येतात आणि ते दाट पट्टे मोजायचे असतात, आणि आपल्याकडच्या गरम समुद्रात ते पट्टे थंड देशांतल्या माशांइतके ठळक पण नसतात. हे आम्ही नंतर शोधून वाचलं. आई स्वयंपाकघरातून ओरडत होती की खवले नंतर बघा, आधी नुस्तें (मासे) कापू द्या.

चवथीला तर घरात माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर बांधायची रानातल्या फळाफुलांची आरास, त्यामुळे फुकट नमुनेच नमुने. कांगलां, घागऱ्यो अशी रानफळं, पानं, सगळ्याचे तुकडे लावून झाले, पण बरंचसं जाड असल्यामुळे उजेडच आरपार जात नाही आणि नुसतं काळं दिसतं. पातळ सोलून घ्यावं लागतं. परागकण मात्र मस्त दिसतात. जास्वंदीचा परागकण मोठा, गोल आणि सगळीकडून काटेरी. त्याच दिवसांत शेतात भात फुलोऱ्यावर होतं, त्याचा बघितला तर गुळगुळीत, काटे नाहीत. का? मी काही बोललो नाही, आणि खरं सांगतो, या वस्तूचं यश आईबापाच्या तोंड बंद ठेवण्यावर आहे. रात्री जेवताना म्हणाली, "भाताच्या फुलावर फुलपाखरू कधी बघितलंय तुम्ही?" झालं. जास्वंदीकडे पाखरं, कीटक येतात, त्यांच्या अंगाला चिकटायला काटे उपयोगी पडत असतील, भाताचं परागण बहुतेक त्याच फुलात होतं आणि थोडंफार वाऱ्याने, त्याला कोणाच्या अंगाला चिकटायची गरजच नाही.

आता कोणी म्हणेल पाठांतर वाईट का. मी तसं म्हणत नाही, पाढे पाठ हवेतच, आरत्या पाठ हव्यात, आमच्याकडे भजनाला बसणारी पोरं डझनभर अभंग तोंडपाठ म्हणतात आणि त्यांचं काही बिघडलेलं नाही. पण विज्ञानाची प्रश्नोत्तरं शब्द न बदलता लिहायला लावणं वेगळं. घोकंपट्टीपासून दूर जायचं असं २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात लिहिलंय, २०२० च्या शैक्षणिक धोरणात परत लिहिलंय, आणि ट्युशनवाले अजून झेरॉक्सच वाटतायत. पोरीने वहीत तिला दिसली तशी कांद्याची पेशी काढली, वाकडीतिकडी, कडेला जांभळट, तर "पुस्तकातल्यासारखी काढ" असा शेरा आला. असो.

घ्यायचा असेल तर थोडं व्यवहाराचं. लेन्स डोळ्याच्या अगदी जवळ धरायची असते, दहा वर्षांखालच्या पोरांना सुरुवातीला काहीच दिसत नाही आणि ती वैतागतात, त्यांना आधी मोबाईलच्या कॅमेऱ्याला लोहचुंबकाने चिकटवून स्क्रीनवर दाखवा. ढगाळ दिवसांत उजेड पुरत नाही, टॉर्च लागतो. सूर्याकडे रोखून कधीच बघू देऊ नका, हे पोरांना पहिलं सांगा. तयार स्लाइडचा डबा एका दुकानदाराने मला जबरदस्तीने खपवला, त्यावर नावं छापलेली, पोरीने आधी नाव वाचलं, मग बघितलं आणि दोन मिनिटांत डबा बंद. त्यापेक्षा कोऱ्या काचेच्या स्लाइड आणि पारदर्शक चिकटपट्टी घ्या. दोन पोरं असतील तर दोन घ्या, नाहीतर भांडणं. देवळाच्या तळीचं पाणी बघायचं असेल तर कडेच्या शेवाळापाशी बाटली बुडवा, मधलं स्वच्छ पाणी नको, त्यात फारसं काही सापडत नाही.