ग्राफ डेटाबेस घेताय? आधी वाटेचा नियम बघा

ऐरोली-महापेच्या ऑफिसांत ग्राफ डेटाबेसचा, म्हणजे गोष्टी आणि त्यांच्यातले दुवे साठवणाऱ्या डेटाबेसचा, विषय निघाला की गाडी लायसन्सच्या किमतीवर अडते. मी आधी विचारतो, क्वेरीत ‘कितीही लांबीची वाट’ लिहिलं तर इंजिन कुठल्या वाटा धरतं?

तुर्भे, सानपाडा, जुईनगर या स्टेशनांमध्ये रुळांचा त्रिकोण आहे. तो आणि तुर्भे-कोपरखैरणे, एवढाच ग्राफ धरा. स्टेशन म्हणजे नोड, मधला रूळ म्हणजे एज. दिशा न बघता तुर्भेहून कोपरखैरण्याची वाट विचारली, तर स्पार्कल ही क्वेरी लिहायची भाषा फक्त ‘पोचता येतं’ एवढंच सांगते. सायफर ही दुसरी क्वेरी-भाषा एरवी तीच एज पुन्हा घेऊ देत नाही, स्टेशन मात्र पुन्हा चालतं. म्हणून तीन ओळी येतात: थेट, त्रिकोणाला सुलट वळसा घालून आणि उलट वळसा घालून. स्टेशनही पुन्हा नको म्हटलं की एकच उरते.

खरा फरक खर्चाचा. ‘पोचता येतं का’ याला लागणारा वेळ साधारण एजची संख्या गुणिले पॅटर्नच्या (क्वेरीतल्या वाटेच्या नमुन्याच्या) ऑटोमेटनचा, म्हणजे वाट नमुन्यात बसते का हे टप्प्याटप्प्याने तपासणाऱ्या यंत्राचा, आकार. कोट्यवधी एज असल्या तरी झेपतं. पण नोड पुन्हा नको अशी अट घातली, तर दिशा असलेल्या ग्राफवर ‘सम संख्येच्या एजची वाट आहे का’ एवढा साधा प्रश्नही एनपी-कम्प्लीट होतो, म्हणजे मोठ्या ग्राफवर तो नेहमी झटपट सोडवेल अशी पद्धत कुणाला माहीत नाही. मेंडेलझोन आणि वुड यांनी हे १९८९ मध्येच दाखवलं. एज पुन्हा नको या नियमातही असे अवघड पॅटर्न आहेत. तिथे रॅम वाढवून भागत नाही.

स्पार्कलवालेही आधी वाटा मोजायला निघाले होते! २०१२ मध्ये संशोधकांनी दाखवलं की स्पार्कलच्या तेव्हाच्या मसुद्याप्रमाणे चिमुकल्या ग्राफचं उत्तरही योटाबाइटच्या (लाख कोटी टेराबाइटच्या) पलीकडे जातं. मार्च २०१३ च्या अंतिम आवृत्तीत ‘कितीही वेळा’वाल्या वाटांची मोजणी गेली. त्याची किंमत अशी की प्रॉपर्टी पाथ (स्पार्कलमध्ये वाट मागायची रचना) दोन टोकं देतो, मधली वाट नाही.

म्हणून परवानग्या किंवा ‘हा पार्ट कशाकशावर अवलंबून’ एवढंच हवं असेल तर स्पार्कल पुरे. ऑडिटरला पैशांची साखळी दाखवायची असेल तर सायफर, पण लांबीला मर्यादा घालून किंवा सर्वांत छोटी वाट मागून. मर्यादाही जपून घाला: नोडमागे २० एज आणि सहा टप्पे म्हणजे ६.४ कोटी वाटांपर्यंत मजल जाते. ग्राफ क्वेरी-भाषेच्या २०२४ च्या जीक्यूएल मानकात वाटेचा नियम क्वेरीतच लिहिता येतो. तुमच्या उत्पादनात त्यातलं किती उतरलंय, ते डेमोतच चालवून बघा, आणि डेटा चक्रं असलेला द्या.