रेड डॉट की 1-6 स्कोप? नऊ महिने दोन्ही वापरल्यावर

रायफलवर रेड डॉट (नेम धरायला काचेत लाल ठिपका दाखवणारा साइट) बसवला त्याच संध्याकाळी तो परत करायचं ठरवलं होतं. ठिपका गोल दिसतच नव्हता. स्वल्पविरामासारखी एका बाजूला शेपटी, आणि ब्राइटनेस वाढवला की द्राक्षाचा घड. दुकानात दाखवायला पुरावा हवा म्हणून मोबाइलने काचेतून फोटो काढला, तर फोटोत ठिपका टाचणीच्या डोक्याइतका गोल! म्हणजे वस्तू चांगली होती, दोष माझ्या उजव्या डोळ्याचा. चष्म्याच्या कागदावर सिलिंड्रिकल नंबर सव्वा आहे, आणि रेंजवर मी चष्म्याऐवजी साधा सेफ्टी गॉगल लावत होतो.

ज्यांना सिलिंड्रिकल नंबर आहे त्यांनी रेड डॉटवर पैसे घालण्याआधी एवढं नक्की करा: दुकानात काच हातात घ्या, ब्राइटनेस मधोमध ठेवा, लांबच्या भिंतीकडे बघा, आणि मग तोच ठिपका फोनच्या कॅमेऱ्यातून बघा. दोन्हीत फरक पडला तर ती काच बदलून काही होणार नाही.

मी ऑस्टिनजवळ राहतो. रायफल एआर-15, 16 इंची बॅरल. महिन्यातून दोनदा रेंज, आणि थंडीत एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात रानडुकरं. ही मूळची युरोपातून आणलेली पाळीव डुकरं, सुटून रानटी झालेली. एका रात्रीत मक्याचं शेत नांगरल्यासारखं उलथून टाकतात. सप्टेंबर 2019 पासून टेक्ससमध्ये खासगी जमिनीवर मालकाची परवानगी असली की डुकरांसाठी शिकारीचं लायसन्स लागत नाही.

आधी रेड डॉटचं चांगलं सांगतो, कारण ते खरंच खूप आहे. एलईडीचा प्रकाश काचेवरून परावर्तित होऊन डोळ्यात येतो, त्यामुळे डोळा काचेपासून किती लांब आहे याने काही बिघडत नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, लक्ष्याकडे बघायचं, ठिपका आपोआप तिथे येतो. स्वीडनच्या एमपॉइंटने 1975 मध्ये असा पहिला इलेक्ट्रॉनिक साइट बाजारात आणला आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. 25 यार्डांच्या आत उभ्याने, गुडघ्यावर, भिंतीआडून वाकून, कुठूनही मारा, रेड डॉटइतकं वेगवान मला काहीच वाटलं नाही. एका सेलवर हजारो तास चालतो. वजन माउंटसकट (रायफलवर पकडून ठेवणाऱ्या बैठकीसकट) दीडशे ग्रॅमच्या आसपास.

अडचण शंभर यार्डांच्या पुढे सुरू होते. 2 एमओएचा (एमओए म्हणजे कोनाचं बारीक माप) ठिपका शंभर यार्डांवर साधारण 2 इंच झाकतो, दोनशेवर 4. माझ्या डोळ्याला तो पसरून याच्या तिप्पट दिसायचा, मग नेम नेमका ठिपक्याच्या कुठल्या टोकाशी धरायचा? मागची पीप साइट (बारीक भोकाची उभी पट्टी) उभी करून तिच्या बारीक भोकातून पाहिलं की ठिपका आवळून गोल होतो. युक्ती उत्तम, पण उजेड कमी झाला की त्या भोकातून काहीच दिसत नाही.

म्हणून 1-6×24 स्कोप घेतला, म्हणजे 1 ते 6 पट मोठं दाखवणारी रायफलची दुर्बीण. याची रेटिकल, म्हणजे नेम धरायच्या रेषा, काचेवर कोरलेली असते. मागची डायऑप्टर रिंग फिरवून ती स्वतःच्या डोळ्याला जुळवून घेतली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला धारदार काळी रेष दिसली. सेल संपला तरी रेष जागेवर. शंभर यार्डांवरचा माझा ग्रुप (कागदावर गोळ्यांच्या भोकांचा पसारा) 4 इंचांवरून पावणेदोनवर आला. रायफल तीच, गोळ्या त्याच.

पण हा स्कोप फुकट काही देत नाही. माउंटसकट पाऊण किलो, आणि ते सगळं वजन रायफलच्या डोक्यावर. 1 वर ठेवला तरी तो रेड डॉट होत नाही. गाल जरा इकडेतिकडे टेकला की कडेने काळी सावली येते. टेक्ससच्या भर दुपारी माझ्या स्कोपचा लाल दिवा दिसतच नाही, आणि झुडपांच्या अंधारात बारीक काळी रेष हरवते. माझा सेकंड फोकल प्लेनचा आहे, म्हणजे झूम बदलला तरी रेटिकल तेवढीच दिसते, त्यामुळे लांबच्या नेमासाठी रेटिकलवर असलेल्या खालच्या खुणा फक्त 6 वर खऱ्या. 3 वर असताना त्या खुणेने नेम धरून मी एकदा दोनशे यार्डांवरची प्लेट सरळ वरून चुकवली.

संध्याकाळचं गणित मात्र शिकण्यासारखं आहे. पुढची काच 24 मिलिमीटरची. तिला झूमने भागलं की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते: 6 वर 4 मिमी, 3 वर 8. जानेवारीत सूर्य मावळल्यावर फीडरखाली (दाणे टाकणाऱ्या डब्याखाली) सात-आठ डुकरं आली. 6 वर नुसता राखाडी चिखल दिसत होता. झूमचा लिव्हर 3 वर ओढला तशी मोठ्या मादीच्या कानाची कडा वेगळी झाली, पाठोपाठ खांदा.

एक तक्रार स्वस्त माउंटची. मार्चमध्ये नेम दर खेपेला थोडाथोडा उजवीकडे सरकत होता. दोन डबे गोळ्या वाया घालवल्यावर कळलं की स्कोपला आवळणाऱ्या रिंगचा एक स्क्रू बोटाने फिरतोय. आता इंच-पाउंडचा टॉर्क रेंच ठेवलाय. रिंगचे स्क्रू उत्पादकाने दिलेल्या आकड्यालाच कसायचे, हाताच्या अंदाजाने नाही.

आणि पुण्याच्या भावाने एअर रायफलसाठी मागितला म्हणून असा स्कोप बॅगेत टाकून नेऊ नका. अमेरिकेत रायफलच्या दुर्बिणी निर्यात नियंत्रणाखाली येतात.

स्कोप एआरवरच राहिलाय. रेड डॉट बायकोच्या 9 मिमी कार्बाइनवर (आखूड रायफलवर) गेला. तिला चष्मा नाही. पहिल्यांदा काचेतून बघून ती म्हणाली, "अहो, हा तर अगदी गोल आहे!" पंचवीस यार्डांवरच्या स्टील प्लेटा आता ती माझ्याआधी संपवते.