ब्लूस्काय काही महिने रोज वापरल्यावर: एक्सला टक्कर देईल का?

ब्लूस्काय म्हणजे एक्ससारखंच (पूर्वीचं ट्विटर) छोट्या पोस्ट लिहायचं ॲप. विज्ञानाच्या बाबतीत त्याने एक्सला टक्कर दिलीच आहे, असं मी ठामपणे म्हणेन. खगोलशास्त्राचा एक फीड, म्हणजे त्या विषयावरच्या पोस्टची यादी, मी पिन करून ठेवलाय. दुर्बिणींवर प्रत्यक्ष काम करणारी माणसं तिथे स्वतः लिहितात, आणि प्रश्न विचारला तर उत्तरही देतात. 'फॉलोइंग' उघडलं की मी निवडलेली माणसंच दिसतात, तीही वेळेच्या क्रमाने. बाकीचे बरेचसे फीड वापरणाऱ्यांनीच बनवलेले आहेत; आवडला तर ठेवा, नाही तर काढून टाका. नवख्या माणसाला स्टार्टर पॅकचा फार उपयोग होतो, ही कुणीतरी निवडून दिलेली माणसांची यादी असते, आणि एका टॅपमध्ये तिच्यातली दीडशेपर्यंत माणसं फॉलो करता येतात.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी खास गोष्ट म्हणजे अक्षरांची मोजणी. एक्सवर काना-वेलांटी वेगळी धरतात, म्हणून 'पाणी' लिहिलं की चार अक्षरं खर्ची पडतात. इथे दोनच. त्यामुळे एका पोस्टला एक्सवर २८० आणि इथे ३०० अक्षरांची मर्यादा, असा फरक वीसचाच दिसला तरी मराठी मजकूर इथे कितीतरी जास्त मावतो. वाक्यं तोडावी लागत नाहीत!

पण मावणारा मजकूर वाचायला मराठी माणूस हवा ना. ब्लूस्कायवर गर्दी लाटांनी आली. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस ब्राझीलमध्ये एक्सवर बंदी आली तेव्हा एक लाट, नोव्हेंबरात अमेरिकेच्या निवडणुकीनंतर दुसरी. त्याच महिन्यात ब्लूस्कायने दोन कोटी वापरकर्त्यांचा टप्पा ओलांडला. आपल्याकडे अशी लाट आलेलीच नाही. मुंबईत पाऊस कोसळला की लोकल कुठे अडकलीये, कुठे पाणी भरलंय हे बघायला मी आजही एक्सच उघडते, कारण रेल्वे, पोलीस आणि अडकलेले प्रवासी सगळे तिथे आहेत. एकटीने जागा बदलून हे सुटत नाही.

'कू'ची आठवण होतेच. २०२० मध्ये सुरू झालेलं, मराठीची सोय असलेलं ते ट्विटरसारखं भारतीय ॲप जुलै २०२४ मध्ये बंद पडलं. ब्लूस्काय उद्या बंद पडलं तरी इथे माझ्या लिखाणाची पूर्ण प्रत मला आधीच उतरवून घेता येते, आणि ब्लूस्काय ज्या खुल्या तांत्रिक नियमांवर चालतं त्या एटी प्रोटोकॉलमुळे खातं फॉलोअर्ससकट दुसऱ्या सर्व्हरवर हलवायची सोय आहे. एवढ्यासाठी तरी मी इथे नेटाने लिहिणार.

सध्या मराठीत विज्ञान, शेती आणि इतिहासावर लिहिणाऱ्यांचा एक स्टार्टर पॅक जमवतेय. तुम्ही ब्लूस्कायवर असाल तर हँडल (खात्याचं नाव) नक्की कळवा.