आठ महिने हेडसेट वापरला, आणि घरात एपकॉटवरून भांडण लागलं

दसऱ्याला व्हीआर हेडसेट घेतला, म्हणजे डोळ्यांवर बांधलं की आपण दुसरीकडेच आहोत असं दाखवणारं यंत्र. त्याला आता आठ महिने झाले. कंपनीचं नाव लिहीत नाही. पुढे तक्रारी आहेत, आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या तक्रारीला मीच जबाबदार आहे, तेव्हा उगाच कुणाला बट्टा नको. गेम खेळायला हेडसेट घेणार असाल तर इथेच थांबलात तरी चालेल, कारण आठ महिन्यांत मी एकही गेम खेळलेलो नाही. रोज रात्री जेवण झालं की मी नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरच्या आमच्या फ्लॅटमधून फ्लोरिडातल्या एपकॉट या डिस्नेच्या पार्कला जातो आणि साडेदहाच्या आत परत येतो.

आता एपकॉटच का? १९९७ साली कंपनीनं मला नव्या मशीनच्या ट्रेनिंगला अमेरिकेला पाठवलं होतं. मी तेव्हा सातपूरला टूलरूममध्ये ड्राफ्ट्समन. मधल्या एका रविवारी आम्ही तिघं एपकॉटला गेलो. डिस्ने म्हणजे उंदीर आणि राजकन्या असं डोक्यात पक्कं होतं. निघालं भलतंच. तिथे ऊर्जा, शेती, समुद्र, दळणवळण असल्या विषयांची एकेक इमारत होती, आणि आत गाडीत बसून तो विषय बघत जायचं. जत्रा आणि विज्ञान प्रदर्शन यांचं लग्न लावावं तसं.

मला वेड लावलं ते ‘होरायझन्स’ नावाच्या राइडनं. चौघांचा डबा, एकाच बाजूला तोंड करून बसायचं, आणि अंधारातून सावकाश सरकत उद्याचं जग बघायचं. अंतराळातली वस्ती, समुद्राखालची वस्ती, वाळवंटात यंत्रमानवांकडून होणारी शेती. त्या शेतीपाशी आलं की संत्र्याचा वास यायचा. खरोखरचा, नाकात शिरणारा. शेवटी समोरची बटणं दाबून परतीची वाट निवडायची: अंतराळ, वाळवंट की समुद्र. मी तीनदा बसलो आणि तिन्ही वाटांनी आलो. बरोबरचे दोघं बाहेर कॉफी पीत माझी वाट बघत होते.

जानेवारी १९९९ मध्ये ती राइड कायमची बंद झाली. पुढे इमारतही पाडली, आणि २००३ मध्ये तिथे ‘मिशन स्पेस’ आली. राइडचा खर्च उचलणाऱ्या जनरल इलेक्ट्रिकनं १९९३ मध्येच अंग काढून घेतलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. एपकॉटच्या जुन्या इमारती अशाच असायच्या. एकेका मोठ्या कंपनीच्या पैशावर उभ्या, आणि कंपनी गेली की रंगसुद्धा कुणी द्यायचं नाही.

तर हेडसेट. चाहत्यांनी होरायझन्स संगणकावर पुन्हा उभी केली आहे, आणि चालू असलेल्या राइडचे ३६० अंशांचे व्हिडिओ ढिगानं मिळतात, एवढ्या भांडवलावर मी पैसे घातले.

वस्तूबद्दल आधी उरकतो. वजन साधारण अर्धा किलो, पण सगळं नाकावर येतं. मूळ पट्टा दुसऱ्या दिवशी काढून ठेवा आणि मागे वजन घेणारा पट्टा वेगळा विकत घ्या. मला हे समजायला दीड महिना लागला आणि तोवर नाकावर कायम लाल वळ. चष्मेवाल्यांनी आत बसणारी रिंग लावल्याशिवाय घालू नये, काचेवर काच घासते. बॅटरी दोन तास म्हणतात, माझी पावणेदोन तास चालते, पण सलग तेवढा वेळ बसवतच नाही. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या थंडीत घातल्या घातल्या भिंगांवर वाफ धरते, पाच मिनिटं थांबावं लागतं. उन्हाळ्यात उलट: कपाळावरच्या फोमला असा घाम लागतो की दुसऱ्याला द्यायची लाज वाटावी.

त्या घामापायीच घात झाला. एप्रिलमध्ये फोम वाळवावा म्हणून मी हेडसेट गॅलरीत उन्हात ठेवला. पालथा, म्हणजे भिंगं वर. कुरडया वाळत घालायच्या त्या जागी. दहा मिनिटं झाली नसतील. लहानपणी बहिर्गोल भिंगानं कागद जाळलेला माणूस मी, आयुष्यभर ड्रॉइंगवर मायक्रॉन मोजले, आणि हे सुचलं नाही! भिंगांनी ऊन गोळा करून थेट स्क्रीनवर टाकलं. आता डाव्या डोळ्याला वरच्या कोपऱ्यात मुगाच्या डाळीएवढा पिवळा डाग दिसतो. दुरुस्तीवाल्याकडे नेला तर त्यानं हातात घेऊन बघितला आणि म्हणाला, ‘काका, स्क्रीन मिळत नाही, मिळाली तरी त्यात थोडे घालून नवाच घ्या.’ मी तसाच वापरतो. तारांगणासारखा अंधार असलेल्या दृश्यात तो एक जादा तारा म्हणून खपून जातो. तुम्ही मात्र फोम काढून वाळवा. तो निघतो.

आता मुद्द्यावर येतो, म्हणजे भांडणावर.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे आणि कॉलेजसाठी आमच्याकडेच राहतो. एपकॉटचं नाव त्याला माझ्यामुळे कळलं, पण आठवड्याभरात तो माझ्या विरुद्ध पक्षात जाऊन बसला. तिकडच्या चाहत्यांमध्येही हेच दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, १९८२ मध्ये सुरू झालेलं ते खरं एपकॉट, ते शिकवायचं, आताच्यांनी त्याचा सिनेमांचा बाजार केला. दुसरा म्हणतो, चाळीस वर्षांपूर्वीचं ‘भविष्य’ बघायला कोण तिकीट काढणार?

एपकॉटमध्ये देशांचीही दालनं आहेत, त्यातल्या नॉर्वेच्या दालनाचंच घ्या. तिथे ‘मेलस्ट्रॉम’ नावाची बोटीची राइड होती: व्हायकिंग, ट्रोल (तिकडच्या लोककथांतले राक्षस), समुद्रातली तेलविहीर. २०१४ मध्ये ती बंद करून त्याच पाण्यात २०१६ पासून ‘फ्रोझन’ या डिस्नेच्या सिनेमातल्या बहिणी आणल्या. माझं म्हणणं, त्या बहिणींचं राज्यच काल्पनिक आहे, मग नॉर्वेच्या दालनात त्याचं काय काम? भाचा म्हणाला, ‘मामा, तुमचे ट्रोल काय जनगणनेत होते का?’ यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

ऊर्जेच्या दालनाचं मात्र मला खरंच लागलं. ते २०१७ मध्ये बंद झालं, आणि २०२२ मध्ये तिथे ‘कॉस्मिक रिवाइंड’ आली: उलट्या दिशेनं सुटणारा, फिरत्या डब्यांचा रोलरकोस्टर, मार्व्हलच्या पात्रांसकट. भाच्यानं कौतुकानं लावून दिली. मी दीड मिनिट टिकलो. हेडसेट काढून सोफ्याचा हात धरून बसलो, बायकोनं आल्याचा तुकडा मीठ लावून दिला. डोळे सांगतात की आपण गरगरतोय आणि कान सांगतो की सोफ्यावर बसलोय. या दोघांचं पटलं नाही की पोट ढवळतं. नव्या माणसानं हे लक्षात ठेवूनच सुरुवात करावी, आणि मळमळायला लागलं की ‘आता सवय होईल’ म्हणून रेटू नये.

त्या रात्री मी जाहीर केलं की हिशेब सरळ आहे. होरायझन्स मी तीसएक वेळा बघितली, दर वेळी कोपऱ्यात नवं काही सापडलं. कॉस्मिक रिवाइंड एकदाही पूर्ण बघवली नाही. जुनं जिंकलं.

भाच्यानं जिलेबी उलगडावी तसं ते सोडवलं. म्हणाला, ‘हे यंत्र हळू राइडला धार्जिणं आहे. हळू राइड म्हणजे बघायची गोष्ट, ती इथे शंभर टक्के येते. कोस्टर म्हणजे अंगानं भोगायची गोष्ट, ती इथे येतच नाही, तिची फक्त मळमळ येते. तुम्ही पाण्याचा फोटो बघून पोहण्याला मार्क देताय.’

बरोबर होतं त्याचं. म्हणून हे सगळ्यांसाठी स्पष्ट लिहितो: हेडसेटवरून कुठल्याही पार्कच्या नव्या-जुन्याचा निवाडा करू नका. तिथली मिशन स्पेस तर खऱ्या माणसांनाही झेपली नव्हती. ती लोकांना चक्रात घालून फिरवते, डब्यात उलटीच्या पिशव्या ठेवाव्या लागल्या आणि २००६ मध्ये न फिरणारी सौम्य आवृत्ती काढावी लागली. माझ्या हेडसेटमध्ये ती राइड म्हणजे एक छोटा पडदा आणि काही बटणं, बस.

भाच्यानं आणखी एक खोडी काढली. वॉल्ट डिस्नेच्या मनात एपकॉट म्हणजे पार्क नव्हतंच, वीस हजार माणसं राहतील असं खरंखुरं शहर होतं. तो १९६६ मध्ये गेला आणि पुढच्यांनी त्याचं पार्क केलं. म्हणजे मी ज्याला मूळ म्हणून छातीशी धरून बसलोय तोच पहिला बदल. हे मला आधीपासून माहीत होतं. त्याला माहीत नसेल असं वाटलं होतं.

पण म्हणून मी पक्ष बदलला नाही. माझी अट एवढीच की नवं काही आणा, पण इमारतीचा विषय सोडू नका. हे जमतं याचा दाखला तिथेच आहे. दळणवळणाच्या दालनातली ‘वर्ल्ड ऑफ मोशन’ मी गेलो त्याच्या वर्षभर आधीच, १९९६ मध्ये, बंद झाली होती. तिच्या जागी ‘टेस्ट ट्रॅक’ आली. तीही जुनी झाली, आणि जुलै २०२५ मध्ये तिची तिसरी आवृत्ती उघडली ती १९८२ च्या राइडची आठवण ठेवून. वेग आहे, विषयही गाड्यांचाच आहे. भाच्याला आवडली, मलाही चालली, आणि त्या रविवारी आमच्या घरात शांतता होती. उलट उदाहरण ‘फिगमेंट’चं. कल्पनाशक्तीच्या दालनातलं हे जांभळं ड्रॅगनचं पिल्लू १९९९ च्या नूतनीकरणात जवळजवळ काढूनच टाकलं होतं. लोक इतके चिडले की २००२ मध्ये त्याला परत आणावं लागलं.

हेडसेटची खरी उणीव मला वास वाटते. ‘स्पेसशिप अर्थ’, तो एपकॉटचा ५५ मीटर उंचीचा पांढरा गोल, त्याच्या आतून वर चढताना रोम जळण्याचं दृश्य येतं तिथे खऱ्या राइडमध्ये धुराचा वास येतो. इथे काही नाही, गोधडीसारखा फोमचा वास. हे मी एकदा जेवताना बोलून गेलो. पुढच्या रात्री मी होरायझन्समध्ये होतो, वाळवंटातली शेती आली आणि संत्र्याचा वास आला. एकदम. मला वाटलं, झालं, म्हातारपण डोक्यात शिरलं. हेडसेट वर केला तर भाचा नाकासमोर संत्र्याची साल मुरडत उभा, बोटांना पिवळं तेल लागलेलं. त्याचं चोख वेळ साधणं बघून कळलं की माझ्या नकळत त्यानंही ती राइड पुष्कळदा बघितलीय. विचारलं तर म्हणाला, ‘टायमिंगसाठी.’

सगळ्यात अनपेक्षित प्रेक्षक निघाले आमचे दाजी, म्हणजे भाच्याचे वडील. पिंपळगावला द्राक्षं आणि टोमॅटो. भाऊबीजेला ताईबरोबर दोन तासांसाठी आले होते. छाटणी झालेली, वर ढगाळ हवा, डावणीच्या, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या, धास्तीनं जीव बागेत. वेळ जावा म्हणून भाच्यानं त्यांना ‘लिव्हिंग विथ द लँड’ लावून दिली. ही शेतीच्या दालनातली बोट सुरुवातीपासूनची, अजून चालू आहे. आधी वादळ, जंगल, वाळवंट, मग काचेची हरितगृहं. दाजी जंगलात गप्प होते. हरितगृह आलं आणि मान फिरायला लागली.

‘ह्याला माती कुठंय?’

माती नाही, मुळं हवेत लोंबतात, त्यांच्यावर खताचं पाणी फवारतात, असं भाच्यानं सांगितलं.

‘आणि लाइट गेली तर?’

मग टोमॅटोचं झाड आलं. मांडवावर चढवलेलं, अगदी द्राक्षासारखं. या दालनातल्या एका झाडानं वर्षभरात ३२ हजारांवर टोमॅटो देऊन विक्रम केला होता, ५२२ किलो. दाजींनी हेडसेट न काढता बोटांवर हिशेब केला. ‘सव्वीस क्रेट. एका झाडाला.’ थोड्या वेळानं, ‘म्हणजे एक टोमॅटो सोळा ग्रॅमचा? बोरं म्हणा की!’ पण बोट संपल्यावर म्हणाले, ‘ते मांडवाचं परत लाव.’ चारदा लावलं. ताई पिशव्या घेऊन दारात उभी राहिली तेव्हा कुठे उठले.

घ्यावा का? घरात बघण्यासारखं काही ठरलेलं असेल तर घ्या, नुसतं कुतूहल असेल तर कुणाचा तरी आठवडाभर मागून आणा. डागासकट मी माझा विकणार नाही.

परवा दाजींचा फोन आला होता. विहिरीपाशी द्राक्षाच्या मांडवाची एक तार मोकळी होती, तिच्यावर नोव्हेंबरात त्यांनी टोमॅटोचं एकच रोप चढवलं होतं, मातीतलंच. आम्हाला कुणाला बोलले नव्हते. पावणेदहा किलो निघाले आणि मग पानं आकसली, व्हायरस. ‘सव्वीस क्रेटला अजून टाइम आहे,’ म्हणाले, आणि त्या बोटवाल्यांनी बियाणं कुठलं वापरलं ते भाच्याला शोधायला सांगितलं. तो कालपासून शोधतोय.