परदेशी पत्रकारिता फेलोशिप : मराठवाड्यातल्या बातमीदाराच्या किती कामाच्या?

फेलोशिप म्हटलं की आधी हार्वर्ड आणि ऑक्सफर्डची नावं निघतात. दोन्ही उत्तमच, पण तिथे जायचं ते शिकायला, बातमीदारी करायला नव्हे. १९३८ पासून चालू असलेली हार्वर्डची नीमन फेलोशिप पूर्ण शैक्षणिक वर्षाची असते. किमान पाच वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो. वयाची किंवा पदवीची अट नाही. ऑक्सफर्डच्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटला स्वतःचा संशोधन प्रकल्प घेऊन जावं लागतं. आल्फ्रेड फ्रेंडली ही फेलोशिप अमेरिकी न्यूजरूममध्ये काम देते, पण तिथे इंग्रजीत सराईत लिहिणाऱ्याचाच निभाव लागतो.

परदेशातून प्रत्यक्ष बातम्या पाठवायच्या असतील तर दोन योजनांकडे आधी बघा. दाग हॅमरशोल्ड फंड २५ ते ३५ वयाच्या पत्रकारांना न्यूयॉर्कला नेतो, तिथून संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचं वार्तांकन करायचं. प्रवास, राहणं आणि दैनिक भत्ता त्यांचा. जाहिरात मात्र नीट वाचा : आदल्या वर्षी निवड झालेल्या देशांचे अर्ज पुढच्या वर्षी घेणार नाही, असं फंडाने पूर्वी जाहीर केलेलं आहे.

आमची पसंती दुसरीला, क्लायमेट चेंज मीडिया पार्टनरशिपला. अर्थ (Earth, म्हणजे पृथ्वी) जर्नालिझम नेटवर्क आणि स्टॅनली सेंटर या दोन संस्था मिळून विकसनशील देशांतले पत्रकार संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेला नेतात. हा विषय मराठवाड्याच्या दारातलाच. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे सांगायला कुणाला पुस्तक उघडावं लागत नाही. पण अर्जात नुसता दुष्काळ लिहून भागत नाही. ‘हवामान बदलाचा शेतीवर परिणाम’ हे शीर्षक निवड करणाऱ्यांनी शेकडो वेळा वाचलेलं असतं. त्याऐवजी धागा जोडा : २०२२ च्या शर्म अल-शेख परिषदेत हवामान बदलाचा फटका बसलेल्या गरीब देशांसाठी ‘हानी आणि नुकसान’ निधी ठरला, अतिवृष्टीत सोयाबीन गेलेल्या औशाच्या शेतकऱ्यापर्यंत किंवा बीडच्या ऊसतोड कुटुंबापर्यंत त्यातला पैसा कोणत्या वाटेने येऊ शकतो? परिषदेत कोणाला भेटणार, कोणती कागदपत्रं बघणार, हेही दोन ओळींत लिहा.

अर्ज इंग्रजीमुळे अडतो त्याहून जास्त पुराव्यामुळे अडतो. तालुका वार्ताहराकडे नेमणूकपत्र नसतं, मानधन कॉलम-सेंटीमीटरवर, म्हणजे छापलेल्या जागेच्या मापावर, आणि बातमीवर नाव काय, तर ‘गेवराई, प्रतिनिधी’. ती बातमी तुमचीच हे ऑक्सफर्डला कसं कळणार? म्हणून संपादकांकडून लेटरहेडवर पत्र घ्या : कधीपासून काम करता, कोणता विषय, निनावी छापलेल्या कोणत्या बातम्या तुमच्या, त्यांच्या तारखा. तेवढ्या काळाची रजा आणि पाठवलेल्या बातम्या छापण्याची हमी त्यातच हवी. ‘होतकरू, मेहनती, मनमिळाऊ’ छापाचं पत्र म्हणजे वाया गेलेलं लेटरहेड. ई-पेपरच्या लिंक काही महिन्यांत उघडेनाशा होतात, तेव्हा कात्रणं पीडीएफ करून ठेवा आणि प्रत्येकाला दीडशे शब्दांचा इंग्रजी सारांश जोडा. अख्खं भाषांतर मागितलं असेल तरच द्या.

पैशांची बाजू बहुतेक जण निवड झाल्यावर बघतात, तिथेच फसतात. परकीय योगदान कायदा, २०१० च्या कलम ३ नुसार नोंदणीकृत वृत्तपत्राच्या बातमीदाराला परकीय योगदान, म्हणजे परदेशातून दिलेला पैसा, घेता येत नाही. कलम ४ मध्ये शिष्यवृत्ती, स्टायपेंड आणि तशा स्वरूपाच्या रकमेला सूट आहे. त्यामुळे निवडपत्रात रक्कम कोणत्या नावाने दिली आहे ते वाचा. ‘ग्रँट’ लिहिलं असेल तर खात्यावर रक्कम येण्याआधी हा कायदा जाणणाऱ्या सीएला दाखवा.

पासपोर्ट अर्जाच्या आधीच काढून ठेवा, कारण पोलिस पडताळणीचा वेळ आपल्या हातात नसतो. आधार, पासपोर्ट आणि बायलाइन (बातमीवर छापलेलं नाव) यांतलं नाव वेगळं असेल, म्हणजे एकीकडे वडिलांचं नाव आणि दुसरीकडे नुसतं आडनाव, तर संपादकांच्या त्याच पत्रात दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं लिहून घ्या. अमेरिकेच्या व्हिसासाठी मुंबई गाठावी लागते. मुलाखतीची तारीख लांबची मिळते, हे धरूनच चाला.